ओझोन चालू आहे, मग पाणी गढूळ का?

प्रश्न : मी भिलाईजवळ हथखोजच्या औद्योगिक क्षेत्रात फॅब्रिकेशनचे काम करतो. आईच्या गुडघेदुखीसाठी आम्ही घराच्या गच्चीवर शेड घालून गरम पाण्याचा टब बसवला आहे. चार माणसे बसतील एवढा, साधारण दीड हजार लिटरचा. त्याला ओझोनचे यंत्र आहे. विकणाऱ्याने सांगितले होते की ओझोन असला की क्लोरीन लागत नाही. मार्च ते मे पाणी आरशासारखे होते. जुलैपासून ते धुरकट दिसते आणि टबाची कड हाताला बुळबुळीत लागते. यंत्राचा हिरवा दिवा लागतो, बुडबुडेही भरपूर येतात. फरक एकच जाणवला. पूर्वी झाकण उघडले की वर्कशॉपमध्ये आर्गन वेल्डिंग चालू असताना येतो तसा वास यायचा, तो आता येत नाही. यंत्र बंद पडले म्हणावे, तर सगळे चालू दिसते. गडबड कुठे आहे? आणि ओझोन तर आकाशात असतो ना? तो या डब्यात येतो कुठून?

उत्तर : तुमच्या प्रश्नातच अर्धे उत्तर आहे आणि ते तुमच्या नाकाने शोधले आहे. वेल्डिंगचा वास आणि टबाचा वास सारखा वाटला, कारण दोन्हीकडे वायू एकच, ओझोन. आर्गन वेल्डिंगच्या आर्कमधून प्रखर अतिनील किरण निघतात. आसपासच्या हवेतला ऑक्सिजन त्यांनी फुटतो आणि त्याचे सुटे अणू दुसऱ्या ऑक्सिजनला चिकटून तीन अणूंचा ओझोन तयार होतो. स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात शनबाइन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाला 1840च्या सुमारास विजेचे प्रयोग करताना हाच वास आला. म्हणून त्याने ग्रीक भाषेतल्या ‘वास येणे’ या अर्थाच्या शब्दावरून वायूला नाव दिले. वीज कडाडल्यावर कधी कधी येणारा तिखट वासही याचाच.

आकाशातला ओझोनही असाच, सूर्याच्या अतिनील किरणांनी तयार होतो, पण जमिनीपासून पंधरा ते पस्तीस किलोमीटर उंचीवर. तिथला ओझोन खाली आणून डब्यात भरत नाहीत आणि तुमच्या डब्यातला तिथवर पोहोचत नाही. दोघांचा संबंध एवढाच की वायू तोच. वर असला तर तो आपले रक्षण करतो, नाकाजवळ आला तर घसा आणि फुफ्फुसे चुरचुरवतो. ओझोनचा वास म्हणजे शुद्ध हवा, हा समज आपल्याकडे अजून आहे. तो मनातून काढून टाका.

तुमच्या डब्यात ओझोन जागच्या जागी बनतो. याचे दोन प्रकार असतात. एकात अतिनील दिवा असतो आणि त्याच्याजवळून हवा खेचली जाते. हा प्रकार तुमच्या वेल्डिंगचा धाकटा भाऊ समजा. दुसऱ्यात दोन पत्र्यांमधल्या बारीक फटीतून हवा जाते आणि काचेच्या किंवा सिरॅमिकच्या पडद्याआडून उच्च दाबाची वीज त्या फटीत सतत निळसर चमकत राहते. ही युक्ती जर्मनीच्या सिमेन्सने 1857 मध्ये शोधली. आजही पाण्याचे मोठमोठे कारखाने याच तत्त्वावर चालतात. फ्रान्समधल्या नीस शहरात 1906 पासून पिण्याचे पाणी ओझोनने शुद्ध करू लागले. आपल्याकडे रेल्वेत विकत घेतलेल्या पाण्याच्या बाटलीवर ‘ओझोनाइज्ड’ छापलेले असते, तेही हेच.

आता ओझोनच्या स्वभावाकडे येऊ, कारण तुमचा सगळा घोळ त्यातून झाला आहे. ओझोन कामाला अतिशय जलद. जिवाणू, घाम, अंगाचे तेल, साबणाचा अंश, जे समोर येईल त्यावर तो तुटून पडतो. पण तो मुक्कामाला राहत नाही. वीस अंश तापमानाच्या स्वच्छ पाण्यातसुद्धा साधारण वीस मिनिटांत निम्मा ओझोन मोडून परत साधा ऑक्सिजन होतो. तुमचा टब असतो अडतीस-एकोणचाळीस अंशांवर. एवढ्या गरम पाण्यात तो मुळात कमी विरघळतो आणि विरघळलेला फार लवकर मोडतो. शिवाय यंत्र पाण्यात ओझोन सोडते ते नळीत, पंपाच्या वाटेवर. ते पाणी टबात पोहोचेपर्यंत ओझोनचा बराचसा भाग खर्ची पडलेला असतो. नळीतून जाणारे पाणी त्याने धुऊन निघते, पण टबात बसलेल्या माणसाच्या अंगावरून आत्ता सुटलेला जिवाणू त्याच्या तावडीत सापडत नाही. तो पाण्याबरोबर फिरत पुन्हा यंत्रापाशी येईपर्यंत मोकळाच असतो. आणि टबाच्या कडेला, नळ्यांच्या कोपऱ्यांत चिकटून बसलेले जिवाणू तर तिथवर कधी येतच नाहीत. तुम्हाला हाताला लागते ती बुळबुळ म्हणजे त्यांची वस्ती आहे.

क्लोरीनचे नेमके उलट. तो ओझोनपेक्षा मवाळ आहे, पण पाण्यात टिकून राहतो. नागपूरच्या गोरेवाडा जलशुद्धीकरण केंद्रातून निघालेले पाणी मैलोन्‌मैल पाइपातून जाऊन कुणाच्या तरी चौथ्या मजल्यावरच्या टाकीत पडते. वाटेत कुठे गळती असली, घाण शिरली, तरी पाण्यात उरलेला क्लोरीन तिथे हजर असतो. ओझोन हा येऊन झडझडून काम करून जाणारा गडी आणि क्लोरीन हा रात्रंदिवस दारात बसलेला राखणदार. गड्याने काम चांगले केले म्हणून राखणदाराला सुट्टी देता येत नाही. फार तर त्याचे काम हलके होते, क्लोरीन कमी खर्च होतो, पाणी जास्त दिवस स्वच्छ राहते. ‘ओझोन असला की क्लोरीन लागत नाही’ हे विकणाऱ्याचे वाक्य चुकीचे आहे आणि गरम पाण्याच्या बाबतीत धोक्याचेही आहे.

धोका का, ते एका हिशेबाने बघा. पंचवीस मीटर लांब, साडेबारा मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल तलावात जवळपास 4 लाख 69 हजार लिटर पाणी असते. तुमच्या दीड हजार लिटरमध्ये चौघे बसले की माणशी 375 लिटर पाणी येते. त्याच दाटीने तलाव भरायचा तर त्यात साडेबाराशे माणसे उतरवावी लागतील! वर पाणी कोमट, घाम चालू आणि बुडबुड्यांमुळे पाण्याचे बारीक तुषार थेट नाकात. लिजनेला नावाचा जिवाणू नेमक्या अशाच कोमट पाण्यात वाढतो आणि तुषारांवाटे फुफ्फुसात जातो. 1999 मध्ये नेदरलँड्समधल्या बोव्हेनकार्स्पेल गावच्या फुलांच्या प्रदर्शनात विक्रीसाठी असे टब नुसते चालू करून ठेवले होते. त्यांत कुणी अंघोळ केली नव्हती. शेजारून जाणाऱ्यांनी तुषार श्वासात घेतले आणि तीसहून अधिक माणसे न्यूमोनियाने दगावली. तुमच्या टबात वयस्कर आई बसते. म्हणून मी आधी एक गोष्ट सांगतो आणि ती आजच करा: पाणी ठीक होईपर्यंत कुणालाही त्यात बसू देऊ नका, बुडबुडे चालू करून शेजारीही बसू नका.

आता तुमचे कोडे. मार्च ते मे ठीक चालले आणि जुलैत बिघडले. मधे बदलले काय? पाऊस आला.

विजेच्या चमकेवर चालणाऱ्या यंत्राला कोरडी हवा हवी असते. हवेत चार हिश्श्यांतले तीन हिस्से, किंबहुना थोडा जास्तच, नायट्रोजन असतो. चमकेत तोही फुटतो आणि ऑक्सिजनशी जुळतो. हवा कोरडी असेल तर नुकसान थोडे. हवेत दमटपणा असला की या संयुगांचे नायट्रिक आम्ल होते. छत्तीसगडच्या पावसाळ्यात कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत, तीच हवा तुमचे यंत्र आत ओढते. आधी ओझोन कमी होतो, मग आम्ल हळूहळू पत्रे, जोड आणि नळी खाते. अशी निकामी झालेली डबी मी उघडून पाहिली आहे. आतल्या कोपऱ्यात पिवळट चिकट ओल होती, तांब्याच्या टोकांवर जुन्या तांब्या-भांड्यांवर चढतो तसा हिरवा थर आणि सिरॅमिकच्या पट्टीवर काजळीचा डाग. बाहेर मात्र हिरवा दिवा व्यवस्थित पेटत होता. कारण तो दिवा यंत्रात वीज आहे एवढेच सांगतो. ओझोन बनतो आहे की नाही, याचा त्याला पत्ता नसतो.

अतिनील दिव्याच्या यंत्रात हे आम्ल बनत नाही, पण तिथे दुसरी फसगत आहे. असा दिवा आठ ते दहा हजार तासांत थकतो, म्हणजे सतत चालू ठेवला तर साधारण वर्षभरात. थकल्यावरही तो निळा दिसतोच. आपल्याला दिसणारा निळा उजेड आणि ओझोन बनवणारे अदृश्य किरण या वेगळ्या गोष्टी आहेत. आणि हो, खात्री करायला म्हणून त्या दिव्याकडे डोळे लावून बघू नका. काचेशिवाय आर्क पाहिल्यावर डोळ्यांत वाळू गेल्यासारखे कसे होते, ते तुम्हाला मी सांगायला नको.

बुडबुड्यांचा समज तर सगळ्यांचाच आहे. बुडबुडे आले म्हणजे ओझोन आला, असे वाटते. खरे तर बुडबुडे येतात ते व्हेंच्युरीमुळे. पाण्याची वाट एका जागी अरुंद केली की तिथे पाणी वेगाने धावते आणि त्या ठिकाणचा दाब कमी होतो. तिथे बाजूने नळी जोडली की ती हवा ओढून घेते. स्वयंपाकघरातला गॅसचा बर्नर असाच हवा ओढतो आणि तुमच्या गॅस कटिंगच्या काही टॉर्चमध्ये ऑक्सिजनची धार अ‍ॅसिटिलीनला असेच खेचते. नळीच्या दुसऱ्या टोकाला यंत्र चालू असो, बंद असो की नसोच, व्हेंच्युरी बुडबुडे काढणारच. म्हणजे तुमचे बुडबुडे सांगतात की हवा येते आहे. वास गेला, तो सांगतो की त्या हवेत ओझोन नाही. माझा तर्क असा की यंत्राचा ओझोन बनवणारा भाग दमट हवेने निकामी झाला आहे. पण तर्कावर पैसे खर्च करू नका, आधी तपासा.

टबाचा एमसीबी खाली पाडा आणि ओझोनच्या डब्याला आलेली नळी डब्याच्या बाजूने सोडवा. डब्याची पिन काढून ठेवा, मग एमसीबी वर करून पंप लावा आणि सुट्या टोकावर बोट ठेवा. बोट हलकेच आत ओढल्यासारखे वाटले तर व्हेंच्युरी आणि नळी ठीक, दोष डब्यात. ओढ लागली नाही तर डबा निर्दोष असू शकतो, अडथळा पुढे आहे. आणि त्या टोकातून पाण्याचा थेंब आला, तर नळीतला चेक व्हॉल्व्ह गेला. प्लंबर ज्याला एनआरव्ही म्हणतात तोच, पाण्याला उलटे येऊ न देणारा. हा बोटभर तुकडा वर्षातून एकदा न विचारता बदलावा. ओझोन त्यातले रबर ठिसूळ करतो. पंप थांबला की पाणी नळीतून मागे चढते आणि थेट विजेच्या डब्यात जाते. तुमच्या डब्यात ओल आधी दमट हवेने आली की या वाटेने, ते नळीच्या आतली पाण्याची खूण बघून कळेल. डबा नेहमी टबाच्या पाण्याच्या पातळीहून वर टांगा. ते जमत नसेल तर निदान नळीचा एक वेढा पातळीच्या वर नेऊन मग खाली आणा. नळी साध्या रबराची घेऊ नका, सिलिकॉनची किंवा टेफ्लॉनची घ्या. पाणी आणि वीज इतकी शेजारी आहेत, तेव्हा टबाच्या लाइनला आरसीसीबी (वीज गळताच ती तोडणारा स्विच) आणि चांगले अर्थिंग आहे ना, तेही या निमित्ताने इलेक्ट्रिशियनकडून पाहून घ्या.

ओढ लागली नाही, तर पहिला संशय फिल्टरवर घ्या. कार्ट्रिज तुंबले की पाणी मंदावते आणि व्हेंच्युरीचा जोर जातो. दुसरा संशय क्षारांवर. तुमचा दुर्ग जिल्हा चुनखडीच्या दगडावर बसला आहे. पोलाद कारखान्याची नंदिनीची चुनखडीची खाण आणि जामुलचा सिमेंटचा कारखाना उगाच तिथे नाहीत. बोअरचे पाणी त्या दगडातून मुरून येते, म्हणून जड असते. गिझरच्या कॉइलवर जी पांढरी खपली धरते, तीच व्हेंच्युरीच्या बारीक भोकात धरते. व्हेंच्युरी सोडवून किराणा दुकानातल्या लिंबूसत्वाच्या कोमट पाण्यात तासभर ठेवा, खपली सुटते. लिंबूसत्व आणि क्लोरीनची पूड मात्र एका भांड्यात, एका चमच्यानेसुद्धा, कधी एकत्र येऊ देऊ नका. त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो. बोअरच्या पाण्यात लोह असेल तर फिल्टर तांबूस होईल. ते मात्र ओझोन काम करत असल्याचे लक्षण असू शकते. विरघळलेले लोह तो गंजाच्या रूपात बाहेर काढतो. फिल्टर धुतला की झाले.

डबा गेलाच असेल, तर अनेक यंत्रांत आतली पट्टी किंवा दिवा तेवढा बदलून मिळतो. नवे घेताना तुमच्याकडच्या पावसाळ्यासाठी दोन वाटा आहेत. अतिनील दिव्याचे यंत्र घ्या, त्यात ओझोन कमी पण आम्लाची कटकट नाही. किंवा विजेच्या चमकेचे घेऊन त्याच्या हवेच्या तोंडाशी सिलिका जेलची बाटली लावा. दाण्यांचा रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर तापवून पुन्हा वापरायचे. मोठ्या क्लबांतली यंत्रे हवेऐवजी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरचा कोरडा ऑक्सिजन वापरतात, कोविडात घरोघरी पाहिले तसल्याच यंत्राचा. घरच्या टबाला एवढा खर्च करायचे कारण नाही. डबा सावलीत आणि वाऱ्यावर ठेवा. तुमच्याकडच्या मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली तो तापला की कोरड्या हवेतसुद्धा ओझोन कमी बनतो.

यंत्र दुरुस्त झाले म्हणून आहे ते पाणी वाचवायचा मोह धरू नका. बुळबुळीत थर एकदा बसला की नुसत्या ओझोनने निघत नाही. आहे त्याच पाण्यात भरपूर क्लोरीन टाकून पंप तासभर फिरवा, म्हणजे नळ्यांतला मळ सुटेल. मग पाणी सोडा, टब पुसा, कार्ट्रिज नवे घाला. नव्या पाण्यात आधी सामू, म्हणजे पीएच, 7.2 ते 7.8 मध्ये आणा. सामू वाढला की क्लोरीन पाण्यात असूनही आळशी होतो. त्यानंतर क्लोरीन किमान 3 पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत 3 भाग, ठेवा, चाचणीपट्टीने रोज बघून. क्लोरीनच्या दोन वेगळ्या कंपन्यांच्या, वेगळ्या जातीच्या पुडी एकमेकींत मिसळू नका, त्यांचा भडका उडू शकतो. टबाला क्लोरीनचा उग्र वास आला तर क्लोरीन जास्त झाला असे लोक समजतात आणि टाकणे थांबवतात. बहुतेक वेळा उलट असते. घामाशी जुळून अर्धवट खर्ची पडलेल्या क्लोरीनचा तो वास असतो. ओझोन ही संयुगे मोडतो आणि त्याचा खरा उपयोग मला इथेच सर्वात मोठा वाटतो.

आणि वास परत आला तर? यंत्र सुरू झाल्याची खूण म्हणून थोडा आनंद माना, पण तो रोज यावा अशी अपेक्षा धरू नका. कामाच्या जागी आठ तासांसाठी ओझोनची मर्यादा हवेच्या दहा लाख भागांत 0.1 भाग धरतात. नाकाला त्याहून कमी असतानाच कळते, पण थोड्या वेळाने नाक सरावते आणि कळेनासे होते. ओझोन हवेपेक्षा जड, त्यामुळे झाकणाखाली पाण्याच्या पृष्ठभागावर साचून राहतो, नेमका तिथे जिथे माणसाचे तोंड असते. म्हणून झाकण उघडून पाच-दहा मिनिटे थांबा आणि शेडला खालच्या बाजूने वारा खेळू द्या. माणसे आत असताना ओझोन बंद ठेवा. बऱ्याच टबांत जेटचे बटण दाबले की तो आपोआप थांबतो, तुमच्यात तसे आहे का ते पुस्तिकेत पाहा. आईंना दम्याचा किंवा रक्तदाबाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच बसवा. पाणी चाळीस अंशांच्या वर नको आणि एका बैठकीला पंधरा मिनिटे पुष्कळ झाली.

पाणी किती दिवसांनी बदलायचे, हे तुम्ही विचारले नाही, पण लागेलच. लिटरला बाराने भागा आणि मग रोज बसणाऱ्या माणसांनी भागा. दीड हजार लिटर आणि रोज चौघे, तर साधारण महिना. एकट्या आई बसत असतील तर हिशेबाने चार महिने येतात, तरी बोअरच्या जड पाण्यात मी तीन महिन्यांच्या पुढे जाणार नाही. काढायचे पाणी गच्चीवरून थेट कुंड्यांत सोडू नका. झाकण उघडे ठेवून दोन दिवस ऊन खाऊ द्या, चाचणीपट्टीवर क्लोरीन शून्य दिसला की जास्वंदीला, कढीपत्त्याला खुशाल घाला.